कुत्र्याचो वाटो

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई जन्माची प्राणिवेडी. शाळेत असताना वर्गात कुत्रं शिरलं तर डस्टर फेकून त्याला हाकलणारी मी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत मला सगळे 'टीचर' म्हणतात आणि थोडे घाबरूनच असतात. त्यात माझी काही तक्रार नाही.

नवरा पाटबंधारे खात्यात. नोकरीची बरीचशी वर्षं त्याने लातूरकडे काढली आणि मी इथे, शाळा आणि घर सांभाळत. रिटायर झाला आणि सामानाचा टेम्पो घेऊन दारात उतरला. दोन ट्रंका, एक कूलर, आणि कूलरच्या मागे उभा एक कुत्रा. कुत्रा कसला, नुसती हाडं. पाय काठ्यांसारखे लांब, कंबर माझ्या मनगटात मावेल की काय अशी, तोंड निमुळतं, आणि बरगड्या तर टेम्पोतून उतरायच्या आधीच मोजून झाल्या माझ्या.

"ह्या काय आणलंस?" मी विचारलं.

"कारवानी," नवरा म्हणाला. जणू राजघराण्यातली सोयरीक जुळवून आला होता. शिकारी जात, आता फार थोडी उरलीय, तिकडच्या एका धनगर मित्राने निरोपाची भेट म्हणून दिली, असा पाच मिनिटांचा इतिहास मला उन्हात उभं करून ऐकवला. मी म्हटलं, भेटच द्यायची होती तर घोंगडी दिली असती.

वाडीत दुसऱ्या दिवसापासून बोभाटा. जो येई तो बरगड्या बघे आणि माझ्याकडे बघे. "टीचर, तेका खावक घालणत नाय काय?" आमच्याकडे दारातलं जनावर रोड असणं म्हणजे घरच्या बाईची नालस्ती. ही जात अशीच असते, बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत, हे मी सांगून थकले. कुणाचा विश्वास बसेना. कुंपणाच्या दगडी गडग्यावरून माशांची डोकी, शिळी पेज, घावण्याचे तुकडे आत पडायला लागले. तो ते हुंगायचा आणि मान फिरवून निघून जायचा. त्याला पाहिजे ज्वारीची भाकरी आणि दही. सात पिढ्या तांदळावर वाढलेल्या घरात मी साठीला टेकल्यावर ज्वारीची भाकरी थापायला शिकले, तीही कुत्र्यासाठी. माझ्या आईने बघितलं असतं तर क्रूस काढला असता छातीवर.

भुंकायचा नाही. अनोळखी माणसाने हात लावला तर चावायचाही नाही, नुसता बाजूला सरकायचा, असा काही की हात लावणाऱ्यालाच लाज वाटावी. वास घेत फिरणं हे त्याचं कामच नव्हे. तो डोळ्यांनी शिकार करतो, नवरा सांगायचा. दूरवर काही हललं की याचे कान मागे जातात आणि मग तो तिथे नसतोच. हे मी पहिल्यांदा बघितलं ते किनाऱ्यावर. सुकतीच्या वेळी पाणी खूप आत गेलेलं, ओली वाळू कडक झालेली. नवऱ्याने साखळीचा आकडा सोडला. पलीकडे टिटव्यांचा थवा उठला आणि हा सुटला. मी हातातल्या चपला हातातच धरून उभी राहिले. इतकं सुंदर काही मी आमच्या किनाऱ्यावर तोवर बघितलं नव्हतं, आणि आयुष्य तर तिथेच गेलं माझं. नवरा मागून "बघितलंस? बघितलंस?" करत धापा टाकत धावत होता, या वयात, पॅन्ट वर गुंडाळून. तेवढ्यापुरती मी त्या कुत्र्याला माफी दिली.

तो एक पावसाळा गेला आणि नवऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं, घशातून नुसता एक आवाज यायचा. मोठ्या हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा तो पडवीतल्या आरामखुर्चीत बसला तो बसलाच. मी भरवायचं, मी पुसायचं, मी बोलायचं. कोपऱ्यात बघत राहायचा. मी हाक मारली तर मान वळवेल न वळवेल. पण कुत्रा येऊन त्याच्या मेलेल्या उजव्या हाताखाली डोकं सरकवायचा, तेव्हा हा डावा हात आडवा आणून त्याचे कान चोळायचा. स्वतःहून करायचा असं तेवढंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधं आम्ही देऊ, जगायची इच्छा तुम्हाला राखावी लागेल. ती इच्छा चार पायांची होती, हे मला कळायला फार हुशारी लागली नाही. कुत्र्याला काही झालं तर हा भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि पुन्हा वळायचा नाही. मला त्या एका गोष्टीची भीती होती, अजून आहे.

आता घरात दोन मुके. आणि त्यातला एक रोज धावल्याशिवाय राहत नाही. मी एकदा त्याला किनाऱ्यावर न्यायला गेले. त्याला समोरच्या वळणावर एक मांजर दिसलं. माझे दोन्ही गुडघे सोलवटले, चष्मा गटारात. वाडीतल्या पोरांना महिनाभर पुरलं.

तेव्हा मी शेजाऱ्याला सांगितलं. गडग्याच्या पलीकडे राहणारा, नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त. काजूची बाग, थोडं भात, सुरण, रताळी. मी त्याला भाऊ म्हणते. नवऱ्याला आंघोळीला उचलायला तोच यायचा, न बोलावता. डोंगराच्या माथ्यावर कातळाचा सपाट सडा आहे, तिथे त्याची गुरं चरतात. म्हटलं, भाऊ, सकाळी जाताना ह्यालाही ने, तिथे मोकळा धावू दे. "व्हय तर," तो म्हणाला, "तेच्यासारख्याक सडोच व्हयो." आठवड्याभरात कुत्र्याची कातडी चकाकायला लागली. भाकरी चाटूनपुसून. कुत्रा सड्यावरून आला की नवरा त्याच्या पायांना लागलेली माती बोटाने खरवडून नाकाशी न्यायचा. मी देवाचे आभार मानले, शेजाऱ्याचेही मानले.

मग एका रविवारी मी मिस्साहून आले तर शेजारी पडवीत हजर. आंघोळ केलेला, कपाळाला गंध, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"टीचर, हो कुत्र्याचो वाटो."

"कसलो वाटो?"

"डुकराचो. काल सड्याखाली पाडलो. तुमच्यात चलता मा?"

आमच्याकडे डोंगरात शिकार होते. होऊ नये, कायद्याने बंदी आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि होते. रानडुकरं एका रात्रीत सुरणाचा अख्खा वाफा उकरून टाकतात, ते बघितलेल्या माणसाला कायदा सांगायला जावं लागतं तेव्हा जीभ जड होते. हाकारे रान उठवतात, ठासणीची बंदूक वाटेवर बसते, आणि डुक्कर पडलं की मांसाचे वाटे पडतात. बंदुकीचा वाटा वेगळा, हाकाऱ्यांचे वेगळे, आणि ज्याचा कुत्रा रानात उतरला त्याच्या घरी कुत्र्याचा वाटा जातो. तो कुणी बुडवत नाही. म्हणजे बघा, माझ्यापासून लपवायचं असतं तर किती सोपं होतं. पण हा भला माणूस कुत्र्याचा हक्क बुडू नये म्हणून स्वतःची चोरी पानात बांधून माझ्या दारात घेऊन आला होता.

"माझो कुत्रो शिकारीक नेलास तू?"

"अवो तोच तर आडवो गेलो! नायतर गेल्लो डुकर हातचो. काय धावता, काय धावता! म्हातारे माणसां बघीत ऱ्हवली."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. फादरांच्या कानावर गेलं असतं तर पुढच्या रविवारी प्रवचनाला विषय झाला असता. डुकराचा सुळा काय करतो ते मी बघितलंय. वाडीतला एक गावठी कुत्रा आतडी ओढत घरी आला होता. "आणि कोणाक विचारून नेलास? कोणी सांगल्यान तुका?"

शेजाऱ्याने खुर्चीकडे हात केला. "तेना. मी विचारलंय, नेव काय रे? तेना स्वता आकडो सोडल्यान. तेच्या हातान."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा अर्धाच चेहरा हसतो, डावा. तो हसत होता. आजारपणानंतर मी ते पहिल्यांदा बघत होते, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. मी इथे तुला जगवायला हाडांची काडं करते आणि तू जी एक गोष्ट तुला जगवते ती डुकरापुढे सोडतोस?

"घेवन जा तो वाटो," मी शेजाऱ्याला म्हटलं.

"वाटो परत नेवचो नसता, टीचर. एकदा पडलो तो पडलो." पान ओट्यावर ठेवून तो गेला.

मी ते माडाखाली खड्डा करून पुरलं. शेजाऱ्याच्या बायकोने गडग्यावरून बघितलं. अन्न म्हणून दिलेलं मातीत घातलं, यापेक्षा गालात मारली असती तर बरं, असं तिने कुणाकडे तरी म्हटलं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं. शेजारी यायचा बंद झाला. आंघोळीला उचलायला कुणी नाही. मी ओल्या फडक्याने पुसत राहिले. सड्यावर न्यायला कुणी नाही, म्हणून कुत्रा पडवीच्या खांबाला. साखळी नवऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढी ठेवली, त्यापलीकडे नाही.

कुत्र्याने भाकरी सोडली. पुढचा पाय चाटून चाटून लाल केला. नवऱ्यानेही तोंड मिटलं. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायचा, अगदी त्या कुत्र्याची माशाच्या डोक्याकडे बघून फिरायची तशी. दोघांनी माझ्याविरुद्ध युनियन केली होती. मी भांडायची, समजवायची, स्वयंपाकघरात जाऊन रडायची, परत येऊन भांडायची. "उपाशी मरा दोघे. माका काय, पेज माझी एकटीची रवात," असं म्हणायची आणि मीही जेवायची नाही.

मग एका सकाळी मी मागच्या दारी बांगडे साफ करत होते. डोंगरातून हाकारे ऐकू आले, डब्यांचा आवाज, आरोळ्या. मी हात तसेच घेऊन पडवीत धावले. साखळी जमिनीवर पडलेली. नवऱ्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर, गडग्यावरचा एक चिरा खाली घरंगळलेला. कुत्रा नव्हता.

"कित्याक?" मी ओरडले. "माका सांग, कित्याक? मरूक घातलंस तेका! तुका काय व्हयां, तोय मरूक व्हयो आणि तूय?" तो डोंगराकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. पूर्वी कुत्र्यामागे वाळूवर धावताना असायची तशीच.

उन्हं वर आली तेव्हा शेजारी आला, उघडा. स्वतःच्या शर्टात गुंडाळून कुत्र्याला त्याने दोन्ही हातांवर आणला होता. बरगडीपासून मांडीपर्यंत उसवलेला. "रिक्षा सांगितलंय," एवढंच म्हणाला. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, मला बघवेना. शेजारणीला हाक मारली, ती एका शब्दाने काही न विचारता येऊन त्याच्या खुर्चीशी बसली. आम्ही कुडाळला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघालो.

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर. इतके दिवस घरात राहून मी त्याला कधी नीट हात लावला नव्हता. कान रेशमासारखे मऊ लागतात, हे तेव्हा कळलं. खड्डा आला की त्याचं अंग आक्रसायचं, पण तो कण्हला नाही. मी रोझरी म्हणत होते आणि मधेमधे त्याला शिव्या घालत होते. "मेल्या, धावूक व्हयां तुका? धाव आता. मेलंस तर बघ, जित्तो सोडूचंय नाय तुका." शेजारी बाहेर बघत होता. तो रडत होता हे मला दिसत होतं.

जगला. टाके इतके पडले की डॉक्टर म्हणाले, गोधडी शिवल्यासारखं वाटलं. घरी आणून नवऱ्याच्या पायाशी ठेवला, तेव्हा नवऱ्याने डावा हात खाली सोडला आणि तो हात संध्याकाळपर्यंत वर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी बेड्याशी, आवाराच्या फाटकाशी, उभा. आत येईना. हातात केळीचं पान.

"घेणत नसशात तर रवांदे," तो म्हणाला. "पण तेचो मान आसा. माका बुडवक जमाचां नाय."

मी पान घेतलं. तत्त्व वगैरे मला शिकवू नका, मुलांना तत्त्वं शिकवून मी पेन्शन घेते. घरात एक आडवा माणूस, एक आडवा कुत्रा, आणि उचलायला या वाडीत तोच एक. शिवाय त्याच्या दंडावर दातांच्या खुणा होत्या. वेदनेत कुत्रा त्याला चावला होता आणि त्याने हात काढला नव्हता, हे मला शेजारणीने सांगितलं. मी ते मांस व्हिनेगर घालून, आईच्या पद्धतीने, मंद आचेवर शिजवलं. नवऱ्याच्या ओठाशी चमचा नेला. त्याने तोंड उघडलं. मी माझ्या हाताने भरवत होते आणि मला त्या डुकराचीही चीड येत होती, नवऱ्याचीही आणि माझी स्वतःचीही. तो जेवत होता.

शेजारी परत आंघोळीला यायला लागला. कुत्र्याला सड्यावर नेईन, पण दोरीने, शिकारीला नाही, असं त्याने कबूल केलं. मी म्हटलं, "तू नाय नेलंस तरी तो येतलो. सोडणारो हंय बसलोहा." जखमेवर केस पुन्हा आलेच नाहीत, एक लांब गुलाबी पट्टा राहिला. धावताना मागचा पाय जरा उशिरा उचलतो. डुकरासमोर तेवढा उशीर पुरे.

काजूला मोहोर आला होता. मी भाकरी थापत होते आणि डोंगरातून पुन्हा ते आवाज सुरू झाले. डबे, आरोळ्या, "हो हो हो" करत उतरणारी माणसं. मी पिठाच्या हातांनी दारात आले.

कुत्रा उभा होता, कान मागे, सगळं अंग थरथरत. आकडा काढलेला होता, साखळी जमिनीवर. पण नवऱ्याने गळपट्टा सोडला नव्हता. डाव्या हाताची बोटं गळपट्ट्यात अडकवून तो बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मागच्या खेपेला त्याने मला विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होता.

ओरडायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण आवाज आला तो असा आला की मलाच ओळखू येईना. "माका तो जितो व्हयो," मी म्हटलं. "आणि तू पण. माका दुसरा काय नको. धावलो नाय तरी चलात. बोललो नाय तरी चलात. माका दोगांय हंय व्हयात."

मग त्याने डोंगराकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आणि डाव्या पायाने, हळूहळू, पडलेली साखळी स्वतःकडे ओढायला लागला. खुर्चीशी आली. पण ती उचलायची कशाने? एकच हात, आणि तो गळपट्ट्यात. हात काढला की कुत्रा गेला. सोडायला एक हात पुरतो, अडकवायला दोन लागतात, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या घशातून तो एकच आवाज निघाला.

मी खाली बसले. गुडघे बोलले, बोलू देत. पिठाच्या हाताने साखळी उचलली, आकडा दाबला. त्याने गळपट्टा वळवून कडी माझ्यासमोर आणली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला अडकवला. त्याचा डावा हात, माझा उजवा. वर कुठेतरी बार झाला. कुत्र्याचं अंग आमच्या हातांखाली कापत होतं, आणि नवरा रडत होता, आवाज न करता, दोन्ही डोळ्यांनी. हाकारे पलीकडच्या उताराला लागेपर्यंत आम्ही कुणीच हात काढला नाही.